मेंगचा घोटा आणि माझी सही

आठ वर्षं मी अजमानमध्ये दुसऱ्यांचे पाय चोळले. गावी हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "सोनं किती आणलंस?" संपादकांनाही तसंच काहीतरी हवं असावं. फोनवर म्हणाले, "आखातातले अनुभव लिहा, तिथली झगमग दिसू द्या." झगमग होती. तिच्यावर दर दिवाळीला कुणी ना कुणी लिहितंच. मी एका घोट्यावर लिहिणार आहे. घोटा एका चिनी फुटबॉल खेळाडूचा होता, आणि तो ज्यांनी वाया घालवला त्यांत मीही आहे. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी इतरांवर ओरडणार आहे, तेव्हा कुणी मला सज्जन समजू नये.

आधी माझं काम समजावून सांगतो. क्लबमध्ये मला मुदल्लिक म्हणत. अरबीत मुदल्लिक म्हणजे मालिशवाला. खेळाडू पडला की जो माणूस बॅग घेऊन धावत मैदानात जातो, पायावर थंड फवारा मारतो आणि टीव्हीवर ज्याची फक्त पाठ दिसते, तो मी. मालिश हा त्यातला सोपा भाग, कुणीही शिकेल. खरं कसब पट्टीत आहे. पांढरी, चिकट, हाताने फाडता येणारी पट्टी असते. पायावरचे केस काढायचे, पोटरीच्या खाली एक कडं करायचं, त्या कड्यापासून पट्टी आतल्या बाजूने खाली आणायची, टाचेखालून घ्यायची आणि बाहेरच्या बाजूने वर खेचायची, घोड्याच्या रिकिबीसारखी. अशा तीन. मग टाच दोन्हीकडून जखडायची. जास्त खेचली तर बोटं निळी पडतात. कमी खेचली तर घाम आल्यावर सगळं बांधकाम मोज्यासारखं गोल फिरतं. नीट बांधलेला घोटा मुरगळायचा म्हटलं तरी मुरगळत नाही. माझे घोटे कधी फिरले नाहीत. हा गर्व मला आजही आहे आणि आज त्याची लाजही वाटते.

हे मी कबड्डीवर शिकलो. महाडला कॉलेजात असताना माझे दोन उद्योग होते. संध्याकाळी आमच्या गावच्या संघातल्या पोरांचे घोटे जुन्या धोतराच्या पट्ट्यांनी बांधायचे आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहायची. एसटीची भाडेवाढ, होस्टेलचं पाणी, एमआयडीसीतल्या कंत्राटी कामगारांना न मिळणारे हातमोजे, कशावरही. सायक्लोस्टाइलची शाई नखांत घेऊन मी हिंडायचो. माझी ठाम समजूत होती की अन्याय कागदावर नीट उतरवला की आपलं काम झालं.

अजमानला मला मामूने नेलं. मामू म्हणजे आईचा सख्खा भाऊ. तो क्लबचा मंदूब होता. मंदूब म्हणजे सरकारी कचेऱ्यांत कंपनीच्या फायली घेऊन फिरणारा माणूस. व्हिसा काढायचा, शिक्के मारून आणायचे आणि सगळ्यांचे पासपोर्ट कपाटात कुलूपबंद ठेवायचे. क्लब चालवणाऱ्या मंडळींच्या कंपन्याही होत्या. त्या कंपन्यांत मामूने आमच्या खाडीकाठचे अठरा जण चिकटवले होते. कुणी ड्रायव्हर, कुणी एसी मेकॅनिक, कुणी स्टोअरकीपर. आमच्या गावात पावसाच्या खालोखाल मामूसाठी दुआ मागितली जायची.

आता मेंग.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमच्या क्लबला परदेशी खेळाडूंच्या दोनच जागा होत्या. एकीवर आफ्रिकेतला एक फॉरवर्ड होता, दुसरीवर सत्तावीस वर्षांचा मेंग आला. उत्तर चीनमधल्या कुठल्याशा कारखान्यांच्या शहरातला. बाप ओतशाळेत लोखंड ओतायचा. हा आधी कारखान्याच्या टीममध्ये खेळला, मग तिकडे व्यावसायिक लीग सुरू झाली तेव्हा मोठ्या क्लबात गेला. जागा मधल्या फळीतली.

फुटबॉल न बघणाऱ्याला मधल्या फळीतला माणूस दिसतच नाही. गोल पुढचा मारतो, गोल मागचा वाचवतो. मधला काय करतो? मागून आलेला चेंडू घेतो, एका पायावर गर्रकन वळतो आणि दुसऱ्या कुणाला तरी देतो. एका सामन्यात हे असंख्य वेळा. प्रत्येक वळणावर सगळ्या अंगाचं वजन एका घोट्यावर. फोटो कुणाचा येतो? गोल मारणाऱ्याचा. मला मेंग पहिल्या दिवसापासून आवडला याचं कारण हेच. जो राबतो तो फोटोत नसतो, हे त्याच्यावर लिहून दाखवता आलं असतं.

त्याला इंग्रजी येत नव्हतं. करारावर सही करायच्या दिवशी दुबईतल्या रास अल खोरमध्ये गोडाऊन असलेला एक चिनी व्यापारी दुभाष्या म्हणून आला होता. चहा प्यायला, हस्तांदोलन केलं आणि गेला, पुन्हा दिसला नाही. ज्या एजंटने त्याला आणलं त्याने महिन्याभरात फोन उचलणं बंद केलं. मग मेंगची दुनिया म्हणजे मैदान, हॉस्टेलची खोली आणि माझं टेबल. प्रॅक्टिसच्या तासभर आधी गरम पाण्याचा थर्मास घेऊन यायचा, मोजे घडी करून ठेवायचा आणि पाय पुढे करून बसायचा. आमचं बोलणं फुटबॉलच्या इंग्रजीत, त्यात यल्ला म्हणजे चला, खलास म्हणजे संपलं, आणि मी शिकवलेलं "आराम से". एवढ्यावर दोन माणसांचं छान चालतं. ज्यांचं चालत नाही त्यांच्याकडे शब्द जास्त असतात.

शुक्रवारी मी त्याला मामूच्या घरी जेवायला न्यायचो. माझ्या मुमानीने, म्हणजे मामूच्या बायकोने, पहिल्याच शुक्रवारी त्याच्या ताटात सुरमईचं डोकं वाढलं.

मामू ओरडला, "अगो, पाहुण्याला डोका कशाला वाढतेस?"

मेंगने ते डोकं इतकं साफ केलं की मांजरीने रडावं.

"बघा," मुमानी म्हणाली, "याला खाता येतंय. तुमची पोर बोनलेस मागते."

त्यांची मुलगी नाझनीन सातवीत होती. ती ताट सरकवून म्हणाली, "अम्मी, दॅट्स सो ग्रोस." पण जेवण झालं की हीच नाझनीन शाळेचं इंग्रजीचं पुस्तक घेऊन मेंगसमोर बसायची. धिस इज अ बोट. दॅट इज अ लाइटहाउस. मेंग तिच्यामागून म्हणायचा आणि चुकला की ती त्याला खरोखर मास्तरणीसारखी झापायची. तो तिला "टीचर" म्हणायचा.

हंगाम सुरू होऊन थोडे दिवस झाले होते. एका सामन्यात मेंग चेंडू घेऊन वळला आणि त्याच क्षणी समोरच्याचा बूट त्याच्या पायावर पडला. पाय जागेवर राहिला, अंग वळलं. बाकावर बसून मला आवाज ऐकू आला. मैदानात जाऊन मी त्याची पोटरी एका हाताने धरली, टाच दुसऱ्या हाताने पुढे ओढली. पाऊल ढिल्या ड्रॉवरसारखं पुढे आलं. या कामातल्या कुणालाही विचारा, त्याचा अर्थ एकच. घोटा बाहेरच्या बाजूने धरून ठेवणारी दोरी तुटली.

दुबईत एमआरआय झाला. रिपोर्टचा लिफाफा मामूनेच आणला, कारण लिफाफे आणणं हे त्याचं काम. मॅनेजरच्या टेबलावर मी तो वाचला. दोरी पूर्ण तुटलेली. सांध्यातल्या कूर्चेला इजा. ऑपरेशनचा सल्ला. तोपर्यंत कसलाही खेळ नाही. इंग्रजी सोपं होतं. त्यात कुठेही गैरसमजाला जागा नव्हती.

मॅनेजरला तिथे मुदीर म्हणतात. आमचा मुदीर हळू आवाजात बोलायचा, चांगली हिंदी बोलायचा, रमजानमध्ये सगळ्या स्टाफला खजुराचे डबे वाटायचा. असल्या माणसावर पत्रक लिहिता येत नाही, हीच तर अडचण असते.

"पढ़ा, इरफान?"

"पढ़ा, सर. फुल टेअर. ऑपरेशन लिखा है."

"मैंने भी पढ़ा. लेकिन देखो हबीबी, रजिस्ट्रेशन बंद है. बीच सीझन में खिड़की खुलेगी, तब तक दूसरा आदमी नहीं ले सकते. दो में से एक जगह खाली रखूँ? कमिटी मुझे खा जाएगी."

"उसको क्या बोलूँ?"

"बोलो मोच है. दस दिन. डॉक्टर इंजेक्शन देगा, तुम टेप बाँधो. तुम्हारा टेप तो माशाल्ला, टूटा पैर भी दौड़ा दे."

वाचकहो, त्या माशाल्लाने मी सुखावलो. लपवून काय उपयोग? एका तुटलेल्या घोट्यावर माणूस पळवायचा आणि तो माझ्या हाताच्या जोरावर, या कल्पनेने माझी छाती फुगली. गावच्या कबड्डीत मला एवढं कुणी म्हटलं नव्हतं.

मी टेबलाशी गेलो. मेंग पाय उंच करून बसला होता. त्याने विचारलं, "हाउ मेनी डे?"

"टेन," मी म्हणालो.

"टेन डे, ओके." आणि त्याने थर्मासचं झाकण उघडून पाणी प्यायला घेतलं. एवढंच झालं. अन्याय होताना ढोल वाजत नाहीत.

त्यानंतर तो नऊ सामने खेळला. पद्धत ठरून गेली. क्लबचा डॉक्टर फक्त सामन्याच्या दिवशी यायचा आणि घोट्यात सुई मारून तो बधिर करायचा. मी पट्टी बांधायचो. मग माझ्यासमोर मेंगने त्या एका पायावर दहा उड्या मारायच्या. सुईचा अंमल असताना माणूस विहिरीतही उडी मारेल. दहा उड्या झाल्या की मी क्लबच्या रजिस्टरमध्ये 'फिट' लिहायचो. दर वेळी उड्या मारताना तो माझ्या तोंडाकडे बघायचा. दुखतंय की नाही हे त्याला कळत नव्हतं ना! ते तो माझ्या तोंडावर वाचायचा. आणि मी तोंड सरळ ठेवायचो.

पण मी पत्रकवाला होतो. गप्प बसणं मला कसं जमावं? मी एक वही केली. तिच्यात प्रत्येक सामन्यानंतर खरं काय ते मराठीत लिहायचो. मराठीत एवढ्यासाठी, की क्लबात कुणाच्या हाती लागली तरी वाचता येऊ नये. तिसऱ्या सामन्याची नोंद अशी होती: "हाफ टाइमला बूट निघेना. कापून काढला. सूज अंड्याएवढी. दुसरी सुई. दुसरी पट्टी. गोलला पास मेंगचाच. मुदीर खूश. हा सरळ सरळ गुन्हा आहे." सातव्या सामन्याची: "आता सुजेशिवाय सांध्यात कुरकुर लागते हाताला. हाड हाडावर घासतंय. डॉक्टरला सांगितलं. म्हणाला, मुझे क्या बता रहे हो, मुदीर को बताओ. मुदीर म्हणाला, इन्शाल्ला दोन सामने." लिहून झालं की मला फार बरं वाटायचं. निर्भय वाटायचं. वही गादीखाली ठेवायचो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पट्टी घ्यायचो हातात.

याच दिवसांतली एक गोष्ट सांगतो, कारण ती आठवली की माझं अजून डोकं फिरतं. कमिटीतल्या एका गृहस्थांची शर्यतीची उंटीण होती, तिचा पुढचा पाय मुरगळला. त्यांच्या कानावर माझी कीर्ती गेली होती. गाडी पाठवून मला वाळूतल्या त्यांच्या फार्मवर नेलं. उंटिणीची पट्टी कशी बांधायची हे मला काय माहीत? तिच्या एका पायाला मेंगच्या महिन्याभराच्या पट्ट्या लागल्या आणि बांधताना ती माझ्या डोक्यावर थुंकली. जनावरांचा डॉक्टर तिथे हजर होता. त्याने हात लावून सांगितलं, मामुली मोच आहे, दोन महिने पूर्ण आराम, सावली, एक माणूस चोवीस तास जवळ. मालक लगेच म्हणाले, "दोन काय, तीन महिने ठेवा. पाय गेला तर जनावर गेलं." तिथून गाडीने मला थेट स्टेडियमवर सोडलं, कारण संध्याकाळी सामना होता. मेंग टेबलावर वाट बघत बसला होता. माझ्या डोक्याला उंटिणीच्या थुंकीचा वास येत होता. तो नाक मुरडून हसला. मी त्याला पट्टी बांधली.

मग नव्या खेळाडूंच्या नोंदणीची ती खिडकी उघडली. मुदीरने दुसऱ्याच दिवशी मेंगच्या जागेवर नवा खेळाडू आणला, आणि मेंगला बोलावून सांगितलं, खलास, थँक यू.

मेंगला त्याचं एवढं वाईट वाटलं नाही. त्याच्या देशातला जुना क्लब त्याला परत घ्यायला तयार होता. त्याला फक्त इकडून एक पत्र हवं होतं. आणि त्या पत्रातच सगळी मेख होती. पत्रात दुखापत खरी लिहिली असती, तर ऑपरेशनची जबाबदारी आमच्या क्लबवर आली असती, घोटा वेळेवर उघडून शिवला गेला असता आणि त्याचा जुना क्लब कदाचित त्याच्यासाठी एक हंगाम थांबलाही असता. पत्रात 'फिट' लिहिलं, तर तो तिकडे जाणार, त्यांचे डॉक्टर तपासणार, आणि तुटका पाय लपवून आलेला लबाड म्हणून हाच बाहेर फेकला जाणार. मुदीरने कोणतं पत्र टाइप करून घेतलं असेल, हे सांगायला नको. डॉक्टरने सही केली. त्याखाली उपचार करणाऱ्याची सही, म्हणजे माझी, हवी होती. मी म्हणालो, उद्या करतो.

त्या संध्याकाळी मामूने मला गाडीत घेतलं आणि कॉर्निशवर, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्यावर, नेऊन गाडी उभी केली.

"सही कर, इरफान."

"मामू, खोटं आहे ते. तुम्हीच आणला ना रिपोर्ट?"

"मी लिफाफा आणला. मी लिफाफे उघडत नाय."

"माणसाचा पाय जाईल."

"आणि आपले अठरा जण गावी पाट्या टाकायला जातील, त्यांचा काय?" मामूचा आवाज चढला. "सगले याच लोकांच्या व्हिसावर हायत. यांनी एक फोन केला तर सगले घरी. शरीफच्या पोरीचा निकाह हाय. कासमने घर काढलाय. तू पत्रका लिवलीस कॉलेजात, टाल्या मिलाल्या. इथे टाली वाजत नाय, बाबा. इथे शिक्का वाजतो."

मी वाद घातला. मी चांगला वाद घालतो. पण वाद घालता घालता माझ्या डोळ्यांसमोर ती अठरा घरं यायला लागली, आणि खरं सांगायचं तर त्यात एकोणिसावं घर माझंही होतं. दुसऱ्या दिवशी मी सही केली. त्या दिवशीही वहीत लिहिलं: "आज दबावाखाली सही केली. निषेध." निषेध! खालच्या बाजूला सही करायची आणि गादीखाली निषेध करायचा!

शुक्रवारी मेंग जेवायला आला. व्हिसा रद्द झाला होता, थोड्याच दिवसांत जायचं होतं. जेवणं झाल्यावर त्याने खिशातून घडी केलेलं पत्र काढलं आणि नाझनीनसमोर ठेवलं. "टीचर, रीड."

मामू हात धुवायला उठला तो बेसिनशीच थांबला.

नाझनीनने सगळं पत्र मोठ्याने वाचलं आणि मग सोप्या इंग्रजीत सांगितलं, "अंकल, इट सेज यू हॅव नो इंज्युरी. यू आर फुल्ली फिट. दॅट्स गुड, नो?"

मेंगने तिच्याकडे बघितलं, मग पत्राकडे. "नो इंज्युरी?"

"नो इंज्युरी," ती म्हणाली. "सी, इरफानभाई हॅज साइन्ड."

मेंग उठला. समोरचं ताट बाजूला सरकवलं. ना सुई होती, ना पट्टी. त्याने त्या पायावर एक उडी मारली, जशी तो माझ्यासमोर नऊ सामन्यांत मारत आला होता. पाय खाली टेकला तो वाकडाच. मेंग सतरंजीवर आडवा पडला. दस्तरखानावरचा ग्लास कलंडला. मुमानी "या अल्ला" म्हणत धावली. नाझनीन माझ्याकडे वळली आणि तिने एवढंच विचारलं, "भाई, डिड यू नो?"

मला तेव्हा काय सुचावं? मी बॅगेतून वही काढली. सही केल्यापासून ती मी सोबत घेऊनच हिंडायचो. ती मेंगसमोर धरून मी म्हणालो, "आय रोट एव्हरीथिंग. सी. एव्हरी मॅच."

त्याने पानं उलटली. देवनागरी अक्षरं, खाली मी ठसठशीत मारलेल्या रेघा, उद्गारचिन्हं. त्याने बराच वेळ ती पानं बघितली. मग वही मिटून मला परत दिली.

"यू राइट," तो म्हणाला. "यू नो स्पीक. मी, हिअर, एव्हरी डे. यू नो स्पीक."

मामू बेसिनचा नळ बंद करायला विसरला होता. मला आयुष्यात खूप जणांनी शिव्या दिल्या आहेत, पोलिसांनी, प्राचार्यांनी, एका आमदारानेही. एवढी कुठलीच लागली नाही.

रविवारी सकाळी मी मेंगला घेऊन फुटबॉलचा कारभार बघणाऱ्या कचेरीत गेलो. इंग्रजीत जबाब लिहिला होता, सोबत वहीच्या झेरॉक्स आणि क्लबचं ते पत्र. समोरचा अधिकारी सभ्य होता. त्याने आम्हाला बसवलं, चहा मागवला, सगळं वाचलं. झेरॉक्स वरखाली करून विचारलं, "ये कौन सी ज़बान है?"

"मराठी."

"ये मेरे किस काम की?" मग त्याने क्लबचं पत्र पुढे केलं. "नीचे वाली साइन आपकी है?"

"हाँ."

"और इस बयान पर भी आपकी?"

"हाँ."

"दोनों में झूठ कौन सा है?"

"पत्र वाला."

त्याने दोन्ही कागद एकमेकांवर ठेवले. "तो आप कागज़ पर झूठ लिखते हैं, ये आप ख़ुद कह रहे हैं. फिर मैं दूसरा कागज़ क्यों मानूँ?"

मी एमआरआयचा रिपोर्ट मागवा म्हणालो. त्याने क्लबला फोन लावला. क्लबने सांगितलं, असा कुठलाही रिपोर्ट फायलीत नाही. फायली आणि पासपोर्ट ठेवायचं कपाट कुणाच्या ताब्यात होतं हे मला माहीत होतं. त्याचं नाव मी त्या कचेरीत घेतलं नाही. हेही इथे लिहून ठेवतो.

चारच दिवसांत माझा व्हिसा रद्द झाला. आणि त्या अठरा जणांचं काय झालं? काहीही नाही. एकालाही फोन गेला नाही. मुदीरला ते अठरा जण अस्तित्वात आहेत हेसुद्धा ठाऊक नसावं. शरीफच्या मुलीचा निकाह झाला, कासमचं घर उभं राहिलं. ज्या भीतीपोटी आम्ही एका माणसाचा पाय दिला, ती भीती घालायला कुणी आलंच नव्हतं. आमची आम्हीच ती घालून घेतली. या मुलखात आपल्या माणसांना राबवायला मुकादम लागत नाही. आपण आपापसात ते काम करून घेतो. हे वाचून ज्यांना राग येईल त्यांनी खुशाल भांडायला यावं. मामू माझ्याशी पुढे दोन वर्षं बोलला नाही. पण मला विमानतळावर सोडायला त्याने गाडी पाठवली, स्वतः आला नाही.

मेंगचं पुढे काय झालं तेही सांगून टाकतो. तिकडच्या क्लबच्या डॉक्टरांनी तपासलं आणि नाही म्हणून सांगितलं. ऑपरेशन झालं, उशिरा झालं. अठ्ठाविसाव्या वर्षी तो निवृत्त झाला. कारखान्याच्या शहरातल्या एका शाळेत मुलांना शिकवतो, असं त्याने नाझनीनला ख्रिसमसच्या कार्डावर लिहिलं होतं. मला त्याने कधी लिहिलं नाही.

पण त्याला निरोप द्यायला विमानतळावर मी गेलो होतो. विमान दुपारचं होतं. मी कुबड्या घेऊन गेलो होतो, त्या त्याने घेतल्या. सामान आत गेलं. वेळ होता. आम्ही एका बाकावर बसलो, मध्ये एक जागा मोकळी सोडून. मला वाटलं होतं मी माफी मागेन. वाक्यसुद्धा तयार करून गेलो होतो, सोप्या इंग्रजीत. त्याने मला ते म्हणू दिलं नाही.

"युअर बुक," तो म्हणाला. "यू हॅव?"

होती.

त्याने त्याच्या हँडबॅगमधून एक नवी वही काढली, पेन काढलं, कुबड्या बाकाला टेकवल्या. "यू रीड. आराम से. आय राइट."

मी पहिलं पान उघडलं. 'सूज' या शब्दाला मला इंग्रजी सापडेना, मी त्याच्या घोट्याकडे बोट केलं. त्याने मान हलवून लिहिलं. सुई, दुसरी सुई, कापलेला बूट. प्रत्येक वाक्याला तो थांबायचा, पुन्हा विचारायचा, "डॉक्टर स्पीक? ऑर मॅनेजर स्पीक?" आणि नेमकं लिहायचा, उभ्या-आडव्या रेघांच्या त्या अक्षरांत. कुरकुर सांगताना मी दोन्ही मुठी एकमेकींवर घासून दाखवल्या. त्याचं पेन थोडा वेळ थांबलं, मग पुढे चाललं. 'निषेध' हा शब्द आला तेव्हा मी तो गाळला. नऊ सामने आणि एक सही, सगळं त्याच्या भाषेत उतरायला तासाहून जास्त वेळ लागला. त्याच्या विमानाची घोषणा झाली तेव्हा आम्ही शेवटच्या पानावर होतो.

त्याने खाली थोडी जागा सोडली आणि विचारलं, "युअर नेम. फुल नेम."

मी सांगितलं. त्याने दोनदा म्हणायला लावलं, मग लिहिलं. साक्षीदार म्हणून लिहिलं की गुन्हेगार म्हणून, ते मला वाचता आलं नाही, आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही.